जुनी जीप आणि काठीची वाट

वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत इतिहास, अर्थकारण, आरोग्य, संतवाङ्मय अशा विषयांच्या रांगेत 'जुनी जीप' हे शब्द पाहून ते चुकून छापले गेले असावेत, असे काही श्रोत्यांना वाटले असेल. ते चुकून छापलेले नाहीत. गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतील पुष्कळ कुटुंबे सातपुड्यात जाऊ लागली आहेत. कुणी तोरणमाळला जातो, कुणी फाल्गुनात काठीच्या होळीला. एकदा जाऊन आले की दुसऱ्या खेपेस मोठी सडक सोडून आतल्या पाड्यांकडे, नर्मदेच्या अंगाच्या उतारांकडे जावेसे वाटते. मग घरात बोलणे निघते की, चारही चाकांना जोर असलेली एखादी गाडी आपण का घेऊ नये? नवी घ्यावयाची तर दहा लाखांच्या वर मोजावे लागतात, म्हणून जुनी. इथपर्यंतचा विचार सरळ आहे. पुढे मात्र बहुतेक जण गाडीचा रंग पाहतात, टायरांची रुंदी पाहतात, कपाळावर लावलेले दिवे मोजतात आणि बयाणा देऊन मोकळे होतात.

अशी गाडी खाली वाकून, तिच्या पोटाखाली शिरून पारखावयाची असते, आणि कोणती घ्यावी हे ज्या वाटेने जावयाचे त्या वाटेला विचारावयाचे असते. म्हणून गाडीकडे वळण्याआधी वाटेचे चार शब्द.

काठी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले डोंगरी गाव. जुन्या पश्चिम खानदेशातील मेवासी संस्थानांपैकी एक संस्थान इथले. आज त्याचे नाव दूरवर गेले आहे ते राजवाडी होळीमुळे. रात्रभर ढोल वाजत असतात, अंगावर रंगाचे ठिपके आणि डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घातलेले बुध्ये नाचत असतात, आणि उंच बांबूची ती होळी पेटते ती पहाटे. नंदुरबारहून निघाले की तापी ओलांडून तळोदा, पुढे अक्कलकुवा, तिथून देवगोईचा घाट चढून मोलगी आणि मग काठी. खाली तापीकाठी काळी कसदार जमीन; घाट चढला की मुरूम, सुटे दगड आणि मधूनच उघडा काळा खडक.

मोठी सडक डांबरी आहे. नुसती होळी पाहावयाची असेल तर साधी मोटार चालते, एस. टी.ने मोलगीपर्यंत गेलात तर त्याहून बरे, कारण त्या रात्री काठीत गाड्या लावायला जागा मिळत नाही. चारही चाकांच्या जोराचा प्रश्न येतो तो सडक सोडल्यावर. इथली वस्ती एका जागी दाटलेली नाही. एकेक घर आपापल्या शेतात, एकेका टेकाडावर. तिकडे जाणारी वाट म्हणजे मुरमाचा चढ, मध्ये ओढा, पुन्हा चढ. फाल्गुनात ती कोरडी असते आणि सुट्या खड्यांवर चाक घसरते. आषाढात तिथेच चिखल असतो आणि ओढ्याचे पाणी तासाभरात वर येते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. याच घाटातून रोज माणसांनी भरलेल्या जिपा जातात. बाजारची माणसे, आमचुराची पोती, तापाने फणफणलेले मूल, बाळंतपणाला न्यावयाची बाई, सारे त्याच गाडीत असते. शहरातून आलेल्या हौशी माणसाची गाडी अरुंद वळणावर बंद पडली तर ती त्याच्या एकट्याची अडचण राहत नाही. मागे थांबलेल्या गाडीत कोण आहे हे त्याला ठाऊकही नसते. जुनी गाडी नीट पारखून घ्या असे आम्ही म्हणतो ते निव्वळ पैशासाठी नव्हे.

आता यंत्राकडे येऊ. चारही चाकांना जोर म्हणजे काय, हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा नीट माहीत नसते.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. दोन्ही चाके एकाच कण्याला पक्की जखडली तर एकाला फरफटावे लागेल. म्हणून दोहोंच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची पेटी असते. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. सपाट सडकेवर ही मोठी सोय; पण डोंगरात तोच तिचा दोष होतो. एक चाक चिखलात आणि दुसरे टणक खडकावर असले की चिखलातले गरगर फिरते आणि खडकावरचे स्वस्थ उभे राहते. घरात जो काम करीत नाही त्याच्याच ताटात सारे वाढावे, तशातला हा न्याय.

साध्या जीपमध्ये इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. चारचाकी जोराच्या जीपमध्ये गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला कारागीर 'ट्रान्सफर' म्हणतात. तिचा दांडा ओढला की पुढच्या चाकांनाही जोर जातो. याच पेटीत बहुधा 'लो' म्हणजे संथ गिअर असतो. त्याने चाकाची गती उतरते आणि जोर सुमारे दुप्पट ते अडीचपट होतो. आमच्या मते डोंगरातल्या प्रवाशाला खरा उपयोग याच गिअरचा. चढावर तो उपयोगी आहेच, पण त्याहून अधिक उतारावर. लोच्या पहिल्या गिअरात गाडी ब्रेकवर पाय न ठेवता मुंगीच्या पावलाने उतरते, आणि ब्रेक तापून निकामी होण्याची भीती राहत नाही. काही गाड्यांत चारही चाकांना जोर असतो, पण लो नसतो. २०१४ साली आपल्याकडे आलेली रेनॉची चारचाकी जोराची डस्टर अशी होती. पावसाळी सडकेला ती चांगली; पाड्यांच्या उभ्या वाटेवर मात्र लोची उणीव जाणवते.

तरीही चारचाकी जोर म्हणजे सर्व संकटांवरचा मंत्र नव्हे. खळग्यात पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक अधांतरी झाले तर दोन्ही डिफरन्शियले आपापला जुना न्याय करतात आणि चारचाकी गाडी जागच्या जागी चाके फिरवीत राहते. त्यावर उपाय म्हणजे डिफरन्शियलला कुलूप, कारागिराच्या भाषेत 'लॉक'. ते असले तर सोन्याहून पिवळे. नसले तर वाट बघून चाक कुठे ठेवावयाचे ते शिकावे लागते. आणि हा जोर कोरड्या डांबरावर वापरू नये. जुन्या पद्धतीच्या गाडीत पुढचा आणि मागचा कणा एकत्र जखडला जातो. वळणावर दोघांना वेगवेगळे अंतर कापावयाचे असते, चाक घसरायला माती नसते, आणि तो ताण दात्यांवर येतो. याच कारणाने चारही टायर एका मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत अशी जीप घेणाराने चारही टायरांचा खर्च किमतीत धरावा.

बाजारात मिळते काय? दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनी मिळून सहा लाखांवर जिपा बांधल्या. युद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ साली, महिंद्र आणि महंमद ही कंपनी निघाली. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र आणि महिंद्र झाले. १९४९ साली मुंबईत माझगावला विलिस जिपांची जुळणी सुरू झाली. पुढची कित्येक वर्षे आपल्या खेड्यांत जीप आली म्हणजे साहेब आले, असाच अर्थ होता. जिपेची धूळ दिसली की चावडी झाडली जाई.

या वंशातल्या एमएम ५४०, ५५० आणि कमांडर या डिझेल गाड्या अजून मिळतात. साध्या, आवाजी, पाट्यांवर चालणाऱ्या. पण तालुक्याच्या गावचा मिस्त्री त्या डोळे मिटून उघडतो. कमांडर घेताना सावध असावे. डोंगरात माणसे वाहणाऱ्या कमांडर बहुतेक दोनचाकी जोराच्या असतात, आणि त्याच गाड्यांखाली दुसऱ्या कुठल्या गाडीचा पुढचा कणा घालून त्या चारचाकी म्हणून विकल्याची उदाहरणे आहेत. असली गाडी चालेलही, पण कागदाला धरून नसते.

२०१० साली थार आली. तिचे सीआरडीई इंजिन २५०० सी.सी.चे आणि १०५ अश्वशक्तीचे; २०१५ पासून मागच्या कण्याला लॉकही मिळाले. आमचे मत विचाराल तर मध्यम ऐपतीच्या माणसाला २०१५ ते २०२० मधली, कमी हात फिरलेली थार ही सर्वांत शहाणपणाची खरेदी. २०२० साली नवी थार आली, ती आरामाला कितीतरी चांगली. मात्र जानेवारी २०२३ पासून ती दोनचाकी जोरातही विकली जाऊ लागली, आणि बाहेरून दोन्ही बहिणी सारख्या दिसतात. बोलेरो आणि स्कॉर्पिओ यांचेही तसेच. गिअरजवळ दुसरा दांडा वा बटण आहे का, हे आधी पाहावे आणि मग किंमत विचारावी.

मारुतीची जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली आणि २०१९ च्या सुमारास बंद झाली. वजन टनाच्या आसपास, इंजिन पेट्रोलचे. हलकी असल्यामुळे जिथे जड गाडी रुतते तिथून ती शेळीसारखी निघून जाते. पण मागे समोरासमोरची बाकडी, आणि धक्के असे की देवगोईचा घाट उतरेपर्यंत वडीलधाऱ्यांची कंबर बोलू लागते. दोघांनी जावयाचे तर जिप्सी. कुटुंबाने जावयाचे तर दुसरे काही पाहावे. फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक मिळते, डोंगरात ती हत्तीसारखी चालते. पण ती संख्येने कमी, म्हणून तिचे सुटे भाग लहान गावी सहज हाताशी येत नाहीत. जबलपूरला लष्करासाठी बांधलेली जोंगा ही शौकिनांची गाडी आहे. तिचे इंजिन तेल पिते तसे पिताना पाहून मालकच हळहळतो.

सुट्या भागांची गोष्ट आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. मोलगीच्या पलीकडे जी गाडी बंद पडेल ती तिथल्याच हातांनी आणि तिथे मिळणाऱ्या भागांनी सुरू व्हावयाची असते. त्या रस्त्यावर स्थानिक चालक कोणत्या गाड्या चालवतात हे पाहणे म्हणजे निम्मी परीक्षा उत्तीर्ण होणे. ते चालक दोनचाकी जोरावर, पाट्यांवर भार टाकून, जिथे आपण लोचा विचार करू तिथून रोज जातात. चारचाकी जोर चालकाच्या हाताला जोड असतो, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

आता प्रत्यक्ष पाहणी. गाडी सकाळी, थंड असताना पाहावी. आपण पोहोचण्यापूर्वीच इंजिन चालू करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. बॉनेटला हात लावला की कळते. थंड इंजिन सुरू होताना किंचित धूर क्षम्य. पण निळा धूर राहिला तर इंजिन तेल जाळते आहे. तेल ओतावयाचे झाकण उघडून चालू इंजिनात वाफेचे भपके येत असतील तर आतली झीज बरीच झाली आहे.

मग अंगाखाली जुने पोते घेऊन गाडीखाली जावे. प्रथम चासी. ती गाडीचा पाठकणा. हातोडीने हलके ठोकत जावे. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजाने पोखरलेल्याचा बसका. पाटे जिथे अडकवलेले असतात आणि स्टिअरिंगची पेटी जिथे बसवलेली असते तिथे भेग वा वेल्डिंगचा जाड थर दिसतो का पाहावे. साऱ्या गाडीला धूळ आणि चासीला मात्र ताजा काळा रंग, असे असेल तर तो रंग काहीतरी झाकतो आहे. चासीवरचा क्रमांक कागदाशी ताडून घ्यावा; आकडे एका ओळीत, एका खोलीचे हवेत.

त्यानंतर दोन्ही डिफरन्शियलचे आणि ट्रान्सफरचे तेल. बोल्ट सैल करून थोडे बोटावर घ्यावे. काळे असले तर ते जुने. दुधाच्या चहासारखे असले तर आत पाणी गेले आहे. ही गाडी ओढ्यात बुडवून नंतर कुणी तेल बदललेले नाही, असा त्याचा अर्थ. पुढच्या चाकांमागचे वाटोळे गोळे ग्रीस आणि तेलाने माखलेले असतील तर तिथली सिले गेली आहेत. प्रोपेलर दांडा हाताने पिळून पाहावा; 'खट्' असा आवाज येऊन तो सैल फिरला तर क्रॉस झिजला. पुढचे चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवावे. हलले तर बेअरिंग किंवा किंगपिन. यातली दुरुस्ती महाग नाही. पण तीच राहू दिली तर साठाच्या वेगाला पुढची चाके अशी थरथरतात की स्टिअरिंग हातात राहत नाही.

चारचाकी जोर खरोखर चालतो का, याची एक सोपी परीक्षा आहे. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावावेत, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरात टाकावी आणि पुढचे एकच चाक जॅकवर उचलावे. दांडा दोनचाकीत असताना ते चाक हाताने सहज फिरते. दांडा चारचाकीत टाकल्यावर ते घट्ट धरून राहिले पाहिजे. तरीही फिरले, तर कुठेतरी जोड तुटला आहे. चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवावयाचे हब-लॉक असतील तर ते आधी बसवून मग ही परीक्षा करावी. त्यानंतर गाडी एखाद्या लांब चढावर अर्धा तास चालवून रेडिएटर तापतो का बघावे, आणि उतरताना लो गिअरात एकदम पेडलवरून पाय काढावा. दांडा आपोआप निसटून बाहेर आला तर ती गाडी आहे त्या स्थितीत घेऊ नये. घाटाच्या उतारावर निसटलेला दांडा म्हणजे मोकळी सुटलेली गाडी.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी जुना झालेला रबर दगडावर फाटतो.

शेतकऱ्याची, विटलेल्या रंगाची पण वेळेवर ग्रीस मिळालेली गाडी आम्हांला शौकिनाच्या झगझगीत गाडीपेक्षा बरी वाटते. स्प्रिंगांखाली तुकडे घालून उंच केलेली गाडी तर टाळावीच. उंच केल्याने तोल वर जातो, प्रोपेलर दांड्याचा कोन बिघडतो आणि क्रॉस लवकर जातात. शिवाय कायदाही आड येतो. कारखान्याने दिलेल्या मूळ स्वरूपात असा फेरफार चालणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. आणि पुढे बसवलेल्या लोखंडी बंपर-जाळीविरुद्ध कारवाई करण्यास केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते.

कागदांचे थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ साली आणखी वाढले. पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते त्याचे कारण इथे असते. हस्तांतराला नमुना २९ आणि ३०, बँकेचा बोजा उतरवायला ३५, परराज्यातली असेल तर ना-हरकतीचा २८. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आले, त्यानंतर तिकडच्या पुष्कळ गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशा गाडीचा ना-हरकत दाखला हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लष्करी वा सरकारी लिलावातली असेल तर लिलावाचे मूळ कागद मागावेत. नंदुरबारची गाडी एमएच ३९ असते; ती एमएच १८ दिसली म्हणून दचकू नये, कारण १९९८ पर्यंत हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात होता.

किंमत ठरवताना जवळच्या रकमेचा चौथा हिस्सा बाजूला ठेवावा. टायर, क्लच, ब्रेक, सारी तेले आणि सिले यांत तो जातो. तो न ठेवता पूर्ण ऐपतीची गाडी घेतली, तर ती बरीच वर्षे अंगणातच उभी राहते.

बरोबर काय न्यावे? टोचनाचा मजबूत दोर, आणि तो चासीच्या हुकात बांधण्याची माहिती; बंपरला बांधलेला दोर बंपर घेऊन येतो. फावडे, चांगला जॅक आणि त्याखाली ठेवायला जाड फळी, दोन पट्टे, पाणी, हवा भरावयाचा पंप. मऊ जमिनीवर टायरातली हवा थोडी उतरवली की चाक पसरून पकड घेते. सडकेवर येताच ती पुन्हा भरावी. आत जावयाचे ते दोन गाड्यांनी. पेरलेल्या शेतातून, मळ्याच्या बांधावरून गाडी घालू नये. ज्या ओढ्यातून पाणी भरतात तिथे चाके धुऊ नयेत. राखीव जंगलात परवानगीवाचून शिरू नये. अरुंद घाटात मागून भरलेली जीप आली तर जागा मिळेल तिथे कडेला थांबून तिला पुढे जाऊ द्यावे.

खरेदीला उत्तम काळ पावसाळा संपता संपता. गळणारे छत, ओली चासी, चिखलात न ओढणारी पुढची चाके, सारे तेव्हा आपोआप दिसते. दिवाळीच्या सुमारास घेतलेली गाडी दुरुस्त करून, जवळच्या एखाद्या कच्च्या वाटेवर दोन-चार वेळा फिरवून, पुन्हा खाली शिरून तेले तपासायला चार महिने मिळतात. फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत ती घाट चढायला तयार होते.